आत येणारी हाक

शनिवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी लास्तेनिया पोमाविया ही दोन्या सोईला तेनेसाकांच्या, म्हणजे सोईलाबाईंच्या, घरातल्या जिन्याखाली मांडी घालून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, उजवीकडे बटाट्यांचं पोतं आणि समोरच्या खिळ्याला टांगलेला पांढरा राउटर. बटाट्यांवर पसरलेल्या कागदावर तिने दोनच आकडे लिहिले होते, चौदा आणि पंधरा. चौदा म्हणजे स्वयंपाकघरातला कॅमेरा, पंधरा म्हणजे गोठ्यातला.

हे दोन्ही कॅमेरे सोईलांच्या मुलाने, विल्फ्रिदोने न्यूयॉर्कहून इथे एक्वादोरमध्ये पाठवले होते. क्वीन्समध्ये एका बंद पडलेल्या दुकानाची मोडतोड करण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि मालकाने हे कॅमेरे घेऊन जा म्हटलं होतं. ते जुने होते. हल्लीचे कॅमेरे आपले आपणच कुठल्यातरी कंपनीशी बोलतात आणि कंपनी जगभर चित्र दाखवते. यांना ते जमत नव्हतं. हे भिंतीवर मुकाट बसून राहत. पाहायचं असेल त्याने त्यांच्यापर्यंत चालत यायचं.

"तुझं अजून किती चालणार आहे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मोते निवतोय. थंड मका कोण खाणार?"

"मोते पुन्हा गरम होईल, दोन्या सोईला. माझं राहिलं तर सोमवारी मार्लेने येईल गाडी घेऊन."

"मार्लेनेच्या इमारतीत लिफ्ट आहे. माणसाला कपाटात कोंडून वर नेतात. मी नाही जायची."

मार्लेने म्हणजे सोईलांची क्वेन्का शहरातली भाची. ऑगस्टमध्ये एकोणऐंशी वर्षांच्या सोईला गोठ्यातून घरी येताना अंगणात घसरून पडल्या होत्या. मनगट मोडलं, आणि कोणाला कळेपर्यंत दीड तास त्या तिथेच पडून होत्या. तेव्हापासून त्यांच्या दोन्ही मुलांचं एकच चाललं होतं. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कमध्ये ऑफिसं झाडणारी थोरली तार्हेलिया म्हणत होती, आईने क्वेन्काला जावं आणि गायी विकाव्यात. धाकटा विल्फ्रिदो म्हणत होता, आधी कॅमेरे लावून बघू. दोघांपैकी कोणालाच घरी येणं शक्य नव्हतं. दोघंही कागदपत्रांशिवाय तिकडे राहत होते; घरी आलं तर परत जाता आलं नसतं. शेवटी ठरलं ते असं: रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिघांचा फोन होईल. तोपर्यंत आई घरात असलेली दोघांना नीट दिसत असेल तर ती सिसालोमा या आपल्या गावातच राहील. नाहीतर सोमवारी सकाळी आठ वाजता मार्लेने भाड्याची गाडी घेऊन येईल.

लास्तेनियाला हे सगळं ठाऊक होतं. सिसालोमात कोणाचा कोणता फोन कशासाठी येतो, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं.

*

१९९६ साली, सत्तावीस वर्षांची असताना, तिने चर्चसमोर टेलिफोनचं दुकान काढलं. पोस्टाने आलेल्या धड्यांवरून ती रेडिओ दुरुस्ती शिकली होती. तिच्या नवऱ्याकडे, एलिएसेरकडे, लाकूड कापायची करवत होती. दोघांनी मिळून प्लायवूडच्या तीन खोल्या केल्या, प्रत्येकीत एक फोन ठेवला, आणि गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा नंबर झाला एकच.

गावातून बाहेर बोलणं सोपं होतं. दोन नंबरच्या खोलीतून कोणी फोन लावला की पलीकडचं उत्तर आपोआप दोन नंबरच्या खोलीत येई. अडचण उलट्या बाजूची. न्यूयॉर्कहून कोणी गावाचा नंबर फिरवला तर तो फोन कोणासाठी, कोणत्या खोलीत, हे फोनला काय माहीत? त्यासाठी लास्तेनियाने भिंतीवर एक फळा लावला. रविवार सहा, तेनेसाका, खोली तीन. मंगळवार सात, पोमाविया, खोली एक. पाद्रींच्या परवानगीने ती चर्चच्या कर्ण्यावरून पुकारा करी: "दोन्या सोईला तेनेसाका, न्यूयॉर्कचा फोन सहाला." पुकारा शेतापर्यंत जाई. ज्याला बोलावलं तो यायचाच, आणि ज्यांना बोलावलं नाही तेही भिंतीला टेकून ऐकायला यायचे.

मंगळवार सातचा फोन एलिएसेरचा. तो १९९९ मध्ये अमेरिकेला गेला. चार वर्षं त्याने मंगळवार चुकवला नाही, पाचव्या वर्षी फोन बंद झाले. लास्तेनियाने आणखी दोन महिने फळ्यावर ती ओळ ठेवली आणि मग तिथे दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहिलं.

मोबाइल आले तेव्हा खोल्या गेल्या. त्यांच्या जागी सहा संगणक आले, आणि नंतर तेही गेले. आता सत्तावन्नाव्या वर्षी ती खांद्यावर पिशवी अडकवून घरोघरी जाते. राउटर बसवते, कोणीतरी बदललेले आणि मग विसरलेले पासवर्ड शोधते, छपरावरच्या तारा ओढते. काम तेच आहे असं ती म्हणते. घरातले टीव्ही, फोन आणि कॅमेरे मिळून बाहेरच्या जगात घराचा पत्ता एकच. आतून कोणी काही मागवलं तर उत्तर बरोबर त्याच्याकडे येतं. राउटर ते लक्षात ठेवतो. बाहेरून कोणी स्वतःहून आलं, तर मात्र राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. त्याला आत घ्यायचं असेल तर तसा फळा लिहावा लागतो.

*

ती सकाळी तोच फळा लिहीत होती. आदल्या दिवशी तिने इंटरनेट कंपनीला फोन करून सोईलांच्या घराला स्वतःचा, न बदलणारा पत्ता मागून घेतला होता. तोपर्यंत अख्ख्या गल्लीला मिळून एक पत्ता होता, आणि तसंच राहिलं असतं तर घरातला फळा कितीही नीट लिहिला तरी कोणी वाचला नसता. आता राउटरच्या पानावर तिने पहिला नियम घातला: बाहेरून कोणी ८११४ मागत आलं तर चौदाकडे पाठव. दुसरा नियम: ८११५ मागितलं तर पंधराकडे. कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलले. विल्फ्रिदोने सुचवलेला पासवर्ड गावच्या जत्रेची तारीख होता. सिसालोमात अर्ध्या घरांचा तोच आहे आणि उरलेल्या अर्ध्यांना तो माहीत आहे.

मग तिने स्वतःच्या फोनचं वायफाय बंद केलं आणि मोबाइलच्या नेटवरून पत्ता उघडला. घरातल्या घरात पाहून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही. फोनवर चूल दिसली, चुलीपुढे पाठमोऱ्या सोईला दिसल्या. तिने विल्फ्रिदोला फोन लावला.

"दिसतंय, दोन्या लास्ते!" मागे ड्रिल मशीनचा आवाज होता. "आईची पाठ दिसतेय. आई, इकडे कॅमेऱ्यात बघ ना."

"कशाला?" सोईला वळल्या नाहीत. "मी तुला दिसते, तू मला दिसत नाहीस. मी काय भिंतीकडे बघून हसू?"

"हात कसा आहे?"

"हात आहे. मोते ढवळतोय."

"तिखट कमी घाल."

"बघितलंस?" सोईला लास्तेनियाला म्हणाल्या. "आत्ताशी एक मिनिट झालं आणि हा माझ्या पातेल्यात शिरला."

फोन ठेवल्यावर त्यांनी लास्तेनियाला ताट वाढलं. मोते, अंडं, वर ताज्या चीजचा तुकडा. स्वतः चुलीपाशी बसल्या.

"तुझ्या त्या दुकानात," त्या म्हणाल्या, "आधी कर्ण्यावर नाव यायचं. मी शाल बदलायचे, केस विंचरायचे, मग यायचे. मुलांना कधी कळलं नाही की मी कधी रडले, कधी आजारी होते. आता हे कधीही येणार. मी कपडे बदलत असेन, एकटीच बडबडत असेन. कधी आले, कधी गेले, मला काही कळणार नाही."

"लिफ्टपेक्षा बरं."

"ते आहेच. म्हणून तर वाढलं तुला."

अकरा वाजता लास्तेनियाला आरोग्य केंद्रात जायचं होतं. तिथला प्रिंटर शुक्रवारपासून हरवल्यासारखा वागत होता. एक काम राहिलं होतं. चौदा आणि पंधरा हे आकडे राउटरने त्या सकाळी कॅमेऱ्यांना आपल्या मनाने दिले होते. ते त्यांच्या नावाला कायमचे बांधून ठेवायला हवे होते. पण राउटर काही रोज बंद होत नाही. सोमवारी येऊन बांधू, असं तिने ठरवलं आणि निघाली. तिच्या स्वतःच्या घरी राउटर बॅटरीवर चालतो आणि दोन वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही.

*

रविवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी तिचा फोन वाजला. विल्फ्रिदो होता.

"दोन्या लास्ते, स्वयंपाकघरात गाय आहे."

"काय?"

"मी ८११४ उघडलं. गाय आहे. मागून दिसतेय. आई कुठेच नाही. आईला फोन लावतोय, उचलत नाही. आणि ताईने माझ्याआधीच बघितलंय."

"ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, आईपेक्षा गाय बरी, एका जागी उभी तरी राहते. आणि म्हणाली, मार्लेनेला पक्कं सांगून टाकते."

"पाचच्या आधी कोणाला काही पक्कं सांगू नका म्हणावं. मी जाते."

चढाच्या वाटेने वीस मिनिटं लागतात. ती चौदा मिनिटांत पोचली. सोईला मागच्या ओसरीवर पाय पसरून वाल सोलत होत्या. फोन आत, ब्रेडच्या टोपलीत होता.

"एवढ्या सकाळी धापा टाकत? कोण मेलं?"

"कोणी नाही. तुम्ही फोन का उचलत नाही?"

"वाल सोलतेय. दोन्ही हात लागतात, आणि एक मोडका आहे."

लास्तेनिया जिन्याखाली वाकली. राउटरवरचे दिवे हिरवे होते. तिने पान उघडलं. राउटर चालू होऊन पावणेदोन तास झाले होते.

"दोन्या सोईला, काल वीज गेली होती?"

"वीज कसली जाते. विजा कडाडत होत्या. पावणेचारला पहिली पडली, तिकडे टेकडीवर. मी सगळं काढलं. टीव्ही, फ्रिज, तुझा डबा, कॅमेरे, सगळं. आरशावर चादर टाकली."

"आणि परत कधी लावलंत?"

"पहाटे पाचला. रात्री कशाला लावू? रात्री कोण टीव्ही बघतंय? आधी गोठ्यातलं लावलं, तिथे दिवा लागतो दूध काढायला. मग घरातलं."

लास्तेनिया जमिनीवर बसली. सिसालोमात वीज कडाडली की माणसं सगळ्या पिना काढतात आणि आरसे झाकतात. तिची आई काढायची, आजी झाकायची. टेलिफोनच्या दुकानात पहिल्या गडगडाटाला तिने स्वतः हजार वेळा तारा काढल्या होत्या. घरात बॅटरी आल्यापासून ती हे विसरली होती. राउटर विझला तेव्हा त्याने वाटलेले आकडेही विझले. या जुन्या कॅमेऱ्यांना कालचा आकडा आठवत नाही. ते दरवेळी नव्याने मागतात आणि जो आधी हात पसरतो त्याला आधीचा मिळतो. शनिवारी तिने घरातला आधी लावला होता. पहाटे गोठ्यातल्याने आधी हात पसरला, त्याला चौदा मिळाला. फळ्यावरची ओळ तीच होती, खोलीत दुसराच माणूस बसला होता.

असं तिच्या हातून पूर्वी एकदा झालं होतं. २००१ मध्ये रोसा गुआमानसाठी फोन आला, तिने तीन नंबरच्या खोलीत जोडून दिला, आणि खोलीत बसली होती दुसरी रोसा गुआमान, खालच्या आळीची. पलीकडचा नवरा चार मिनिटं बोलत होता. छपराच्या पत्र्याबद्दल, सासूच्या दाताबद्दल, आणि रात्री झोप लागत नाही त्याबद्दल. रोसा गप्प ऐकत होती. नंतर म्हणाली, "माझा नवरा इतकं कधी बोलत नाही, मला वाटलं तिकडे जाऊन सुधारला." त्यानंतर लास्तेनियाने फळ्यावर नुसतं नाव लिहिणं सोडलं. नाव, आईचं आडनाव आणि घर, तिन्ही लिहायची.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "काल करायचं काम मी सोमवारवर टाकलं."

"मग कर आता. माझी काही घाई नाही. घाई तार्हेलियाची आहे."

प्रत्येक कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बारीक चिठ्ठी होती. तिच्यावर कारखान्यात दिलेला, फक्त त्याचाच असा लांबलचक क्रमांक. लास्तेनियाने स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला वाचला आणि गोठ्यात शिडीवरून दुसरा. खाली नेग्रा नावाची गाय तिच्या पिशवीचा पट्टा चघळत होती. ते दोन्ही क्रमांक तिने राउटरच्या पानावर घातले: या पाठीच्याला चौदाच द्यायचा, या पाठीच्याला पंधराच, आधी कोणीही येवो.

"आता सगळं काढा," ती म्हणाली.

"वीज पडतेय का?"

"नाही. पडल्यासारखं काढा."

सोईलांना हे आवडलं. त्यांनी घरभर फिरून प्रत्येक पीन काढली, सवयीने आरशावर चादरही टाकली. मग लास्तेनियाने सांगितलेल्या उलट्यासुलट्या क्रमाने लावल्या. आधी गोठा, मग घर. पुन्हा काढल्या. आधी घर, मग गोठा. तिसऱ्या वेळी दोन्ही एकदम, सोईला गोठ्यात आणि लास्तेनिया घरात, अंगणातून ओरडून एक-दोन-तीन म्हणत. तिन्ही वेळा चौदावर चूल दिसली आणि पंधरावर गाय.

"म्हणजे आता काढलं तरी चालेल?"

"खुशाल काढा. फक्त वीज थांबली की लगेच लावा. पहाटेपर्यंत थांबायचं नाही."

"थांबली हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच."

साडेनऊ वाजले होते. लास्तेनियाला आता निघता आलं असतं. सोईलांनी सेद्रोनच्या पानांचा काढा केला होता, म्हणून ती बसली.

"ते कर्ण्यासारखं काही करता येईल का?" सोईलांनी विचारलं. "येण्याआधी वाजेल असं?"

"या कॅमेऱ्यांना वाजायला येत नाही."

"मग वेळ? तुझ्या फळ्यावर वेळ असायची. रविवार सहा. त्याच्या आधी आलास तर फोन घेतच नव्हतीस तू. आठवतं, बिशपांच्या भावाला थांबवलं होतंस?"

लास्तेनियाने कप खाली ठेवला. राउटरच्या पानावर प्रत्येक नियमापुढे एक रिकामा चौकोन असतो. इतकी वर्षं तिने तो रिकामाच सोडला होता, कारण कोणी मागितलं नव्हतं. नियम कोणत्या वारी, किती ते किती लागू, ते तिथे घालता येतं. तिने लॅपटॉप पुन्हा उघडला.

"कुठली वेळ?"

"पहाटे साडेपाच ते सात. तेव्हा मी दूध काढून येते, नाश्ता करते. आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. बाकी वेळ स्वयंपाकघर माझं."

"पण मुलांना हे तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार. पाचच्या फोनवर नाही म्हणाले तर मी चौकोन रिकामा करीन."

"सांगेन की. मी त्यांची आई आहे, भाडेकरू नाही."

वेळ घालण्याआधी लास्तेनियाने राउटरचं घड्याळ पाहिलं. त्याच्या मते तो दिवस एक जानेवारी होता आणि तो कुठल्यातरी दूरच्या देशात होता. तिने त्याला एक्वादोरची वेळ दिली, इंटरनेटवरून तारीख घ्यायला लावली, मग दोन ओळी लिहिल्या. न्यूयॉर्क या दिवसांत एक तास पुढे असतं, तेव्हा विल्फ्रिदोची वेळ साडेसहापासून. कामावर जायच्या आधी.

*

संध्याकाळी पाच वाजता लास्तेनियाचा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर दोन चौकोन: एकात विल्फ्रिदो, अंघोळ करून, केस चापून; दुसऱ्यात तार्हेलिया, कामाच्या निळ्या अंगरख्यात, रिकाम्या ऑफिसात.

"सकाळी मी गाय बघितली," तार्हेलिया म्हणाली. "दोन तास गाय बघितली. मला वाटलं आई पुन्हा पडली."

"चूक माझी होती," लास्तेनिया म्हणाली. तिने विजांचं आणि पिनांचं सांगितलं. "आता चूल चुलीच्या जागी आहे. उघडून बघा."

"मी आत्ताच उघडलं. काहीच येत नाही. याला तुम्ही चालतंय म्हणता?"

"चालतंय. बंद आहे," सोईला म्हणाल्या. "पाच वाजलेत. सहाला उघडेल."

तार्हेलिया पडद्याजवळ सरकली.

"कोणी बंद केलं?"

"मी. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. त्या वेळात मी केस विंचरून इथे असेन. नाश्ता करेन, तुम्ही बघा. बाकी वेळ नाही."

"आई, हे दुकान आहे का, उघडायला आणि मिटायला?" तार्हेलियाचा आवाज चढला. "तू अकरा वाजता पडलीस! सकाळी सहाला नाही, अकरा वाजता! दीड तास पडून होतीस, आणि मी इथे कोणाची तरी टेबलं पुसत होते. तू वेळ ठरवून पडणार आहेस का?"

विल्फ्रिदोने केसांवरून हात फिरवला.

"मी कुठे पडले?" सोईलांनी विचारलं.

"काय?"

"कुठे पडले ते सांग."

"अंगणात."

"मग अंगण बघ. स्वयंपाकघरात मी साठ वर्षांत पडलेली नाही. गोठ्यातला कॅमेरा चोवीस तास उघडा ठेवते. गायींना विचारलंय, त्यांची हरकत नाही."

विल्फ्रिदो हसला आणि बहिणीकडे पाहून थांबला.

"गोठ्यातल्याला फक्त गायीचा पार्श्वभाग दिसतो," तार्हेलिया म्हणाली. पण आवाज खाली आला होता.

लास्तेनिया उठली. शिडी अजून गोठ्याच्या भिंतीलाच होती. विल्फ्रिदोने पंधरा उघडून ठेवला आणि ती वरून कॅमेरा थोडा थोडा फिरवत गेली. त्याचा आवाज तिच्यापर्यंत सोईला पोचवत होत्या, दारात उभ्या राहून, हातात फोन धरून: डावीकडे म्हणतोय, आणखी डावीकडे, आता छप्पर दिसतंय म्हणतो, खाली कर. शेवटी अर्ध्या चित्रात नेग्राची पाठ राहिली. बाकीच्या अर्ध्यात गोठ्यापासून घराच्या दारापर्यंतची पायवाट, कपडे धुवायचा दगड आणि फाटक.

"आई, जरा चाल," तार्हेलिया म्हणाली. "दगडापर्यंत जा."

सोईला दगडापर्यंत गेल्या.

"परत ये. हळू. ते पाणी साचलंय तिथून नको."

"मला दिसतंय पाणी."

"मलाही दिसतंय," तार्हेलिया म्हणाली. तिच्यामागे कोणीतरी दिवे लावले. "आणि विजा झाल्या की? तेव्हा सगळं बंद."

"विजा झाल्या की मी बाहेर जातच नाही. घरात बसून आरसे झाकते."

"आणि नंतर लावायला विसरलीस तर?"

"तर तू दोन्या लास्तेनियाला फोन कर," सोईला म्हणाल्या. "चौदा मिनिटांत येते. मी मोजलंय."

मोजण्याचा प्रश्नच नव्हता. आपण चौदा मिनिटांत आलो हे सकाळी सोईला वाल सोलत असताना लास्तेनियानेच त्यांना सांगितलं होतं.

"विल्फ्रिदो?" तार्हेलियाने विचारलं.

"मी आधीपासूनच हो म्हणतोय, ताई. तुझं तू सांग."

"नाताळपर्यंत," तार्हेलिया म्हणाली. "नाताळपर्यंत बघू. मध्ये एकदा जरी तू पडलीस आणि मला दिसलं नाही, तर क्वेन्का. भांडण नाही, रडणं नाही."

"नाताळपर्यंत," सोईला म्हणाल्या. "आणि सहाला या. आज चिकन आहे."

त्या आत निघून गेल्या. लास्तेनियाने शिडी घडवंचीमागे ठेवली, हात धुतले आणि जिन्याखालच्या राउटरकडे शेवटचं एकदा पाहिलं. दोन नियम, दोन बांधलेले आकडे, एका नियमापुढे वेळ भरलेली, एकापुढे रिकामी. तार्हेलियाने तेवढ्यात मार्लेनेला कळवलं होतं; भाचीचं उत्तर लास्तेनियाच्याही फोनवर आलं: गाडी नको म्हणून सांगितलं आहे, पण मावशीने भेटायला तरी यावं.

सहाला तीन मिनिटं असताना सोईला शाल बदलून आल्या. लास्तेनिया निघाली तेव्हा त्या चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या, केस ओले आणि सरळ भांग पाडलेले. फाटकापाशी येईपर्यंत तिला मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, पण कोणाशी बोलत होत्या ते कळलं नाही. कॅमेऱ्याला कान नाहीत.

उद्या सोमवार, पण आठ वाजता मार्लेनेची गाडी येणार नाही. स्वयंपाकघराचा नियम साडेपाचला उघडतो आणि सातला मिटतो. दोन्ही गायींचं दूध तेव्हा काढून झालेलं असतं, आणि दूध गोळा करणारी गाडी सोईला तेनेसाकांच्या फाटकापुढे सहा वाजून वीस मिनिटांनी थांबते.